हा रस्ता कुणाच्या बापाचा?

कोकणचा सागरी रस्ता सध्या भलताच फॅशनीत आहे. शनिवार उजाडला की भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या बोटीत सायकली चढतात. सायकली म्हणजे आपल्या बापाच्या काळ्या, कॅरिअरला डबा बांधलेल्या, घंटी सोडून सगळं वाजणाऱ्या सायकली नव्हेत. बोटभर रुंदीचं टायर, एका हातानं उचलावी इतकी हलकी, किंमत लाख-दीड लाख. वरचा गडी रंगीत, अंगाला चिकटलेल्या कपड्यात. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याला परत फेरीबोट, पलीकडे दिघी. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, पुन्हा फेरीबोट, बाणकोट. मग परत येऊन हे लोक लिहितात. काय लिहितात? निवांत कोकण. साधीभोळी माणसं. अस्पर्श किनारा.

अस्पर्श किनारा म्हणे!

भल्या माणसा, ज्या किनाऱ्याला तू अस्पर्श म्हणतोस तिथल्याच माणसाला तुझा आजा अस्पृश्य म्हणत होता. किनारा अस्पर्श राहिला तर त्याची जाहिरात होते. माणूस अस्पृश्य राहिला तर त्याची वस्ती गावाबाहेर पडते. एकाच भाषेतले हे दोन शब्द. एक विकायला, एक हाकलायला.

आता कुणी म्हणेल, गोदीत गोण्या उचलणाऱ्यानं सायकलवाल्यांवर का जळावं? मी जळत नाही. माझं भांडण सायकलीशी नाही, घामाशी नाही, समुद्राच्या वाऱ्याशी तर नाहीच नाही. माझं भांडण नजरेशी आहे. शंभर किलोमीटर पायडल मारून ज्याला किल्ला दिसतो, देऊळ दिसतं, माडाची बाग दिसते, मासळीची थाळी दिसते आणि रस्त्याच्या कडेला ‘बौद्धवाडी’ लिहिलेली पाटी दिसत नाही, त्या नजरेशी. आणि दुसरं भांडण आपल्याशी आहे. कारण ह्या रस्त्यावर आपला जेवढा इतिहास सांडलाय तेवढा दुसऱ्या कुणाचा नसेल, आणि आपण मात्र मार्चात महाडला गाडी करून जातो, भाषणं ऐकतो, पुस्तकं घेतो आणि काचा लावून झोपत परत येतो. मधला रस्ता आपण त्यांना सोडून दिला. तो परत घ्यायचा कसा, त्याबद्दल हे लिहिणं आहे.

*

रस्ता म्हणजे काय? सरकार म्हणतं खडी आणि डांबर. सायकलवाला म्हणतो चढ आणि उतार. आपल्या लोकांना विचारा. रस्ता म्हणजे परवानगी. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावरून जाताना आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू असायचा, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडकं, पावलाची खूण उरू नये म्हणून झाडू. म्हणजे चाल बाबा, पण चाललास हे दिसता कामा नये.

ही गोष्ट एकट्या पुण्याची नाही. खाली त्रावणकोरात, त्याही समुद्रकाठच्याच मुलखात, पुलया जातीला सडकेवरून चालायची बंदी. तिथे १८९३ साली अय्यंकाली नावाच्या गड्यानं काय केलं? अर्ज केला नाही. एक बैलगाडी घेतली, घुंगरं बांधलेले बैल जुंपले, स्वच्छ कपडे घातले आणि भर सडकेवरून हाकली. मारामारी झाली. पण सडक मोकळी व्हायला सुरुवात झाली ती त्या चाकांनी. पुढं १९२४ साली वायकोमचा सत्याग्रह झाला, तोसुद्धा देवळात शिरायचा नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालायचा होता. नुसतं चालायचा! ह्या देशात चालण्यासाठी माणसाला तुरुंगात जावं लागलं, मार खावा लागला, वर्ष-दीड वर्ष बसून राहावं लागलं.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. तामिळनाडूत आजही अशी गावं निघतात जिथं सवर्णांच्या गल्लीतून जाताना आपल्या माणसानं सायकलीवरून उतरायचं आणि सायकल हातात धरून चालत जायचं. बसून गेला तर माज. उत्तरेत नवरदेव घोड्यावर बसला तर माज. २०१५ साली शिर्डीत आपल्या एका पोराच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून त्याला ठार मारलं. म्हणजे उंचावर बसायचं नाही, आवाज करायचा नाही, वेगानं जायचं नाही. सायकलीवर हे तिन्ही गुन्हे एकदम होतात. माणूस उंच बसतो, घंटी वाजवतो आणि पुढं निघून जातो.

म्हणून ज्यांना सायकल हा शौक वाटतो त्यांना वाटू द्या. आपल्यासाठी ते वाहन आहे, आणि वाहनावर बसणं ह्या देशात कधीच साधी गोष्ट नव्हती.

*

आता ह्या रस्त्याचा इतिहास. पर्यटनवाले सांगतात तो तुम्हाला ठाऊक आहे. चौलचं जुनं बंदर, रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, कोर्लईचा किल्ला, मुरूडचा जंजिरा. खोटं नाही काही. चौलला पंधराव्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारी उतरला, त्याची आठवण रेवदंड्याला जपलेली आहे. जंजिरा शिवाजी महाराजांना घेता आला नाही, संभाजी महाराजांना घेता आला नाही, हे शाळेत शिकवतात. पण तो ज्या सिद्द्यांनी राखला त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यातले कितीतरी गुलाम म्हणून विकले गेलेले होते, हे मास्तर घाईघाईनं सांगून पुढं जातो. बाजारात विकलेल्या माणसांच्या वंशानं ह्या किनाऱ्यावर राज्य केलं! ही गोष्ट आपल्या कामाची आहे की नाही? कोर्लई गावात आजही पोर्तुगीज आणि मराठी एकमेकांत मुरून झालेली एक बोली ख्रिस्ती वस्तीत बोलतात. किल्ल्याचा फोटो सगळे काढतात. बोली ऐकायला कोण थांबतो?

थोडं आत वळा. राजपुरीच्या खाडीच्या वरच्या अंगाला, मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत. आपली लेणी. बुद्धाची. दोन हजार वर्षांच्या आसपासची. तिथले दानलेख वाचलेत विद्वानांनी. कुणी दान दिलं? सरदारांच्या घरच्या लोकांनी दिलं तसं एका माळ्यानं दिलं, लोखंडाचा व्यापार करणाऱ्यानं दिलं, भिक्षुणींनी दिलं. म्हणजे ज्या काळात ह्या खाडीत गलबतं येत होती त्या काळात फुलं विकणाऱ्या माणसाचं नाव दगडावर कोरलं जात होतं. मग मधे असं काय झालं की त्याच मुलखात माणसाची सावलीसुद्धा दगडावर पडलेली चालेना? हा प्रश्न ज्याला पडत नाही त्यानं लेणी बघितली नाहीत, नुसता दगड बघितला. तेच महाडजवळच्या गांधारपाल्याच्या लेण्यांचं. मुंबई-गोवा हायवेवरून दिसतात. गाड्या भरधाव जातात. तेच दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीचं.

अलिबागपासून लांब नाही ते चरी गाव. १९३३ साली तिथल्या कुळांनी खोतांची शेती करायचं बंद केलं. पंचवीस गावं. १९३९ पर्यंत संप चालला. शेतकऱ्यांचा एवढा लांब संप ह्या देशात शोधून सापडायचा नाही. पुढारी नारायण नागू पाटील. कुळं बहुतेक आगरी. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले, चरीला आले, आणि १९३७ साली मुंबईच्या असेंब्लीत खोती नष्ट करायचं बिल त्यांनी मांडलं. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर चाल करून गेले. बाबासाहेब म्हणजे फक्त महारांचे पुढारी, असं जे आजही बोलतात त्यांना ह्या रस्त्यावर आणून चरीच्या नाक्यावर उभं करा. आणि आपल्यातले जे आगरी-कुणबी पोराकडे बघून तोंड फिरवतात, त्यांनाही त्याच नाक्यावर उभं करा.

पुढं खाडीपलीकडे मंडणगड तालुका. आंबडवे, बाबासाहेबांच्या घराण्याचं मूळ गाव. त्याच्या खाली दापोली. तिथं पेन्शनीत निघालेल्या आपल्या फौजींची वस्ती होती. रामजी सुभेदार काही काळ तिथं राहिले. गोपाळबाबा वलंगकर तिथंच. महाडजवळच्या रावढूळचा हा माणूस पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीत बसला, आणि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यानं शास्त्राच्या ठेकेदारांना सरळ सवाल टाकले. बाबासाहेबांचा जन्मसुद्धा व्हायचा होता तेव्हाची ही गोष्ट! पलटणीत आपल्या लोकांची भरती बंद केली तेव्हा सरकारकडे अर्ज लिहिणारेही वलंगकरच. आणि आज दापोली म्हटलं की काय सांगतात? थंड हवा आणि हापूस.

*

आता महाड.

१९ आणि २० मार्च १९२७. परिषद, मग मोर्चा, मग चवदार तळ्याचं पाणी. हे तुम्हाला पाठ आहे. बोल्यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ चा. कागदावर तळं उघडं होतं. पाण्यापर्यंतचा रस्ता बंद होता. कागद आणि पाणी ह्यांच्यामधे जेवढं अंतर होतं तेवढंच आपण त्या दिवशी चाललो.

पण पुढचं बघा. पाणी पिऊन झाल्यावर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवली, मंडपावर हल्ला केला, जेवण मातीत मिळवलं. आणि मग काय केलं? गावोगाव परतणाऱ्या आपल्या लोकांना वाटेत गाठून झोडपलं. तळ्यावर जाणं कठीण होतं, पण घरी परत जाणं जास्त कठीण होतं. त्या दिवशी रात्री महाडहून निघालेल्या त्या वाटा, त्या पायवाटा, ते नाके, ते ओढे: खरा सत्याग्रह तिथं झाला. एकेकट्या माणसानं, काठ्या खात, अंधारात केला. त्याचा पुतळा नाही. त्याची तारीख नाही. मागाहून तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून त्यांनी तळं शुद्ध करून घेतलं. त्या रस्त्यांवर सांडलेलं रक्त शुद्ध करायला मात्र कुणी आलं नाही.

डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलं. धरमतरमार्गे मोटारीचा रस्ता होता, पण मोटारवाल्यांचा भरवसा नव्हता. म्हणून २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची मंडळी ‘पद्मावती’ बोटीनं मुंबईहून निघाली. हरिहरेश्वरापर्यंत समुद्र, मग सावित्रीची खाडी, मग दासगावचं बंदर. तिथं हजारो लोक वाट बघत उभे. दासगावहून महाड पाच मैल. ते पाच मैल सगळे चालत गेले. परिषदेला जागा द्यायला एक हिंदू तयार नव्हता. फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. २५ डिसेंबरला रात्री मनुस्मृती जाळली. आणि तळ्यावरचा कोर्टातला हक्क मिळाला १७ मार्च १९३७ ला, दहा वर्षांनी.

दासगाव ध्यानात ठेवा. रामचंद्र बाबाजी मोऱ्यांचं लहानपण तिथं गेलं. महाडची परिषद ज्यानं मुळापासून उभी केली तो हा माणूस, पुढं कम्युनिस्ट झाला म्हणून काहींनी नाव घ्यायचं सोडलं. आज दासगावावरून मुंबई-गोवा हायवे जातो. हायवेच्या माणसाला तिथं गतिरोधक लागला तर दासगाव समजतं, नाही तर तेही नाही. रशियन व्यापाऱ्याचं चौल आपल्याला सांगतात. ‘पद्मावती’चं दासगाव कोण सांगणार? आपण नाही तर कोण?

*

आता आपल्यातल्या शंकाखोरांकडे येतो. त्यांच्या शंका मी ऐकल्यात, चहाच्या टपरीवर, सभेच्या मागच्या बाकावर.

पहिली शंका: दिवसभर अंग मोडून काम करणाऱ्याला सायकलचे चोचले कशाला? घाम गाळायला गोदी कमी आहे काय? प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर ऐका. गोदीत मी जो घाम गाळतो त्याचा मालक आहे. मुकादम आहे, पाळी आहे, भोंगा आहे. ठेकेदार हजेरी लावतो तेव्हा त्या घामाची किंमत ठरते, आणि लावली नाही तर फुकट जातो. माझ्या बापाच्या, आज्याच्या, खापरपणज्याच्या घामाला कुणी ना कुणी मालक होताच: खोत होता, पाटील होता, पलटणीचा साहेब होता. वतनाच्या नावाखाली गावकीचा सांगावा घेऊन ह्याच रस्त्यांनी आपले लोक अनवाणी धावले, कधीही, कुठल्याही पावसात. धावणं आपल्याला नवीन नाही. स्वतःच्या मर्जीनं कुठं तरी जाणं नवीन आहे. ज्या घामाला मालक नाही असा एक दिवसाचा घाम तरी आपला असू दे. आणि विश्रांती, भटकणं, उगाच समुद्राकडे बघत बसणं हे फक्त भरल्या पोटाचं आहे असं ज्याला वाटतं, त्यानं मनूचं अर्ध पुस्तक अजून जाळलेलं नाही.

दुसरी शंका: सायकल कुठून आणायची? लाखाची सायकल आणा असं मी म्हटलंच नाही. पेपर टाकणारा, दूधवाला, पाववाला, इस्त्रीवाला कुठल्या सायकलीवर हिंडतो? ती चालते. १९८३ साली कांशीरामजींनी डीएस-फोरच्या पोरांना घेऊन शंभर दिवसांचा सायकल मोर्चा काढला, दिल्लीच्या आजूबाजूच्या सात राज्यांतून. कुठल्या परदेशी सायकली होत्या त्या? साध्या. पंक्चर झाली की गावातच निघेल अशा. ज्या सायकलीचं पंक्चर वाडीतल्या पोराला काढता येत नाही ती सायकल चळवळीच्या कामाची नाही.

२०२० ची टाळेबंदी आठवा. गाड्या बंद, एसट्या बंद, पोलीस काठ्या घेऊन. त्या वेळी ह्या देशातला मजूर सायकल विकत घेऊन, उसनी घेऊन, हजार-हजार किलोमीटर घरी गेला. दरभंग्याची एक पंधरा वर्षांची दलित मुलगी जखमी बापाला कॅरिअरवर बसवून गुरुग्रामहून घरी घेऊन गेली, बाराशे किलोमीटर. आणि मग सायकलिंग फेडरेशननं काय केलं? तिला चाचणीला बोलावलं! वा! पोरगी जीव वाचवायला निघाली होती, ह्यांना त्यात खेळाडू दिसली. कुणाला बाप पोचवावा लागतो आणि कुणाला वेळ मारायचा असतो. दोघांच्या पायाखाली एकच पायडल, पण रस्ता एक नाही. त्याच साली ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनालाच, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. कामगार गेटावर नोटीस वाचत उभे. गरिबाची सायकल बनवणारा गरीबच घरी बसला.

मुंबईचं तर बोलूच नका. शिवडीहून समुद्रावरून २०२४ साली नवा पूल झाला, न्हावा-शेव्यापर्यंत. आमच्या गोदीच्या दाराशीच सुरू होतो. दुचाकीला बंदी. रिक्षाला बंदी. तिकडं वरळीचा सागरी सेतू, बंदी. नवा कोस्टल रोड, बंदी. समुद्र सगळ्यांचा, पण समुद्रावरून जाणारा रस्ता चार चाकांचा. जुनी बंदी जातीच्या नावानं होती, नवी बंदी वेगाच्या नावानं आहे. पाटी बदलली, दारवान तोच.

तिसरी शंका: बायांचं काय? खरी शंका हीच. आणि पुरुषांच्या तोंडून ती ऐकूच येत नाही. सायकल मोर्चा म्हटला की पंधरा पोरं आणि एक झेंडा. तामिळनाडूत पुदुक्कोट्टै नावाचा जिल्हा आहे, समुद्रकाठचाच. १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत तिथल्या बाया सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत खडी फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या. शेकडो नाही, हजारो. पत्रकार पी. साईनाथनं ते लिहिलंय. लोक हसले, घाण बोलले. बाया म्हणाल्या बोला. पाणी सायकलीवर, पोर सायकलीवर, बाजार सायकलीवर. एसटीची वाट बघणं संपलं, नवऱ्याची वाट बघणं संपलं. अक्षर ओळखायच्या मोहिमेत सायकल का? कारण वाचता येणं म्हणजे पाटी वाचणं, आणि पाटी वाचून जिथं जायचं तिथं स्वतः जाता आलं पाहिजे. डिसेंबर १९२७ मधे महाडला बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले होते. ते भाषण आपण दर वर्षी आठवतो आणि बहिणीला म्हणतो, तू घरी थांब, लांबचा पल्ला आहे. ज्या सायकल फेरीत आपल्या बहिणी नाहीत ती फेरी काढू नका. साफ सांगतो. ती फेरी म्हणजे पुरुषांची वरात.

*

आता कामाचं. २०२७ म्हणजे महाडचं शंभरावं वर्ष. काय होईल ते मला आत्ताच दिसतं. कमानी, फ्लेक्स, हात जोडलेले आमदार, ज्यांच्या बापजाद्यांनी तळ्यात शेण ओतलं त्यांचेच नातू मंचावर हार घालायला. होऊ द्या. ते अडवण्यात ताकद घालवू नका. आपण वेगळं काम करू.

भाऊच्या धक्क्याहून सायकली बोटीत चढवायच्या. हो, त्याच बोटीत. मांडवा, अलिबाग, चरी. रेवदंडा, कोर्लई, मुरूड. आगरदांड्याहून दिघी, वाटेत आत वळून कुडे. हरिहरेश्वर, बागमांडला, खाडी ओलांडून मंडणगड, आंबडवे. मग म्हाप्रळ-आंबेतचा पूल, गोरेगाव, लोणेरे, दासगाव. दासगावला सायकलीवरून उतरायचं. ते पाच मैल चालत जायचं. शेवटी तळं. घाई करायची नाही. हा शर्यतीचा मामला नाही, कुणी घड्याळ लावून बसलेला नाही. सायकलीचा गुणच हा की ती मोटारीपेक्षा हळू आहे. मोटारीतून गाव दिसतं, सायकलीवरून घर दिसतं, आणि उतरलं की माणूस दिसतो.

प्रत्येक बौद्धवाडीत थांबायचं. भाषण करायचं नाही! ऐकायचं. एक वही आणि चार प्रश्न.

पहिला: पाणी कुठून भरता, आणि मार्च-एप्रिलात ते किती दिवस टिकतं?

दुसरा: स्मशानभूमी कुठं, आणि तिथवर जायला रस्ता कुणाच्या जमिनीतून आहे? मेल्यावरसुद्धा आपला माणूस दुसऱ्याच्या बांधावर अडतो का, हे लिहून घ्या.

तिसरा: सातबारा. १९५८ च्या कायद्यानं महारवतनं गेली, जमिनी नजराणा भरून कसणाऱ्याच्या नावावर व्हायच्या होत्या. कुणाच्या झाल्या? त्या कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत असं कागद म्हणतो. मग आज त्यावर कुणाचं कुंपण आहे? रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग आणि त्याचे नवे पूल येतायत. रस्ता येण्याआधी दलाल येतो. ‘समुद्राला लागून प्लॉट’ अशा पाट्या मैला-मैलावर लागल्यात. वाडीतली तरणी पोरं मुंबईला, घरात म्हातारी एकटी, आणि दारात पांढऱ्या गाडीतून उतरलेला गोड बोलणारा माणूस. अंगठा केव्हा उठला हे पोराला गणपतीला गावी गेल्यावर समजतं. शेजारी कंपनीचा बंगला उभा. अस्पर्श किनारा!

चौथा प्रश्न म्हाताऱ्यांना: तुमच्या घरातलं कोण महाडला गेलं होतं? १९२७ ला गेलेला माणूस आता भेटणार नाही. पण त्याची लेक भेटेल, नातू भेटेल. कुणाचं डोकं फुटलं, कोण आठ दिवस रानात राहिलं, कुणाचं गावानं काम बंद केलं, कुणाची म्हैस मारली. नाव, गाव, लिहून घ्या. इतिहासाच्या पुस्तकात पुढाऱ्यांची नावं आहेत. वाटेवर मार खाणाऱ्यांची यादी आपल्याकडे नाही. ही यादी ह्या दोन-चार वर्षांत झाली नाही तर कधीच होणार नाही, कारण ती फक्त म्हाताऱ्यांच्या जिभेवर आहे आणि म्हातारे थांबत नाहीत.

पाट्यांचंही एक सांगतो. डिसेंबर २०२० मधे राज्य सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातीवाचक नावं काढायची. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. चांगलं आहे. पण नाव बदलल्यावर वाडी गावात आली का? नळ आला का? स्मशानाचा रस्ता आला का? रंगाचा डबा घेऊन येणारा माणूस पाटी बदलून जातो. वही घेऊन येणाऱ्यानं त्याच्या मागे विचारलं पाहिजे, पाटीखालचं काय? आणि ‘बौद्धवाडी’ पुसताना हेही विचारा की बौद्ध हा शब्द जातीवाचक केला कुणी? आपण तर जात सोडून त्या शब्दात आलो होतो.

चार वह्या भरल्या की ते निवेदन होईल, दहा वह्या भरल्या की ते पुस्तक होईल, आणि शंभर वह्या भरल्या तर शंभराव्या वर्षी कमानीखाली हार घालणाऱ्याच्या समोर ती चळत नेऊन ठेवता येईल. साहेब, हार नंतर. आधी हे वाचा. पान एक, गाव एक, पाणी नाही.

काही जण म्हणतील हे फार छोटं काम झालं. क्रांती अशी सायकलीवरून येते का? मला क्रांतीचं वाहन ठाऊक नाही. मला एवढं ठाऊक आहे की ती अय्यंकालीकडे बैलगाडीतून आली, महाडला बोटीतून उतरून पायी चालत आली, आणि बंद काचेच्या गाडीत झोपलेल्या माणसाकडे अजून आलेली नाही.

तेव्हा दोस्तांनो, माळ्यावरची सायकल खाली काढा. चेनला तेल घाला, ब्रेकचे रबर बघा, ट्यूबला ठिगळं असली तरी चालतील. जिच्याकडे नाही तिला डबल सीट घेऊ नका, सायकल मिळवून द्या आणि शिकवा. वही घ्या, पेन घ्या, पाण्याची बाटली घ्या. वाटेत कुणी विचारलं की कुठले तुम्ही, तर आडनाव सांगू नका, काम सांगा. कुणी म्हणालं की इथून सायकलीवर बसून जायचं नाही, उतरा, तर उतरा. उतरून त्याच्या डोळ्यांत बघून विचारा, हा रस्ता कुणाच्या बापाचा? आणि उत्तर यायच्या आत परत बसा.

घंटी जोरात वाजवा.

जय भीम!